हृदयात छिद्र असलेलं बाळ घरी सांभाळताना: निदानापासून ऑपरेशननंतरच्या सहा महिन्यांपर्यंत, क्रमाने

माझ्या मुलीच्या हृदयातलं छिद्र ती सात महिन्यांची असताना ऑपरेशनने बंद झालं. त्याआधीचे साडेपाच महिने आणि नंतरचे सहा महिने घरात काय काय करायचं, हे मला कुणी ओळीने सांगितलं नव्हतं. नंतर वॉर्डात आणि फोनवर पुष्कळ आयांशी बोलणं झालं. प्रत्येकीच्या घरी चुका त्याच त्याच होत होत्या: दूध पाजण्यात, औषध मोजण्यात, आणि सगळ्यात घातक म्हणजे ‘जरा वजन वाढू दे, मग बघू’ म्हणून थांबण्यात. म्हणून हे सगळं करायच्या क्रमाने लिहिते आहे. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत. ते प्रत्येक बाळाच्या वजनावर ठरतात आणि तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे असतात.

## १. आधी दोषाचं नाव आणि ऑपरेशनची मुदत कागदावर घ्या

‘हृदयात भोक आहे’ हे निदान अर्धवट आहे. टूडी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट हातात आला की लहान मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञांना तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं तिथेच लिहून घ्या.

१. दोषाचं नेमकं नाव काय, आणि छिद्र किती मिलिमीटरचं?
२. फुप्फुसातला दाब वाढला आहे का?
३. बंद करायचं असेल तर कोणत्या वयापर्यंत?

तिसरा प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि पुढचं सगळं त्याच्यावरच अवलंबून असतं. खालच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र, म्हणजे व्हीएसडी, लहान असेल तर बऱ्याचदा आपोआप बुजतं. मोठं असेल तर सहसा पहिल्या वर्षाच्या आतच बंद करावं लागतं. वरच्या कप्प्यांमधलं छिद्र, एएसडी, बहुतेक वेळा दोन-चार वर्षांपर्यंत थांबू शकतं. बाळ निळं पडतं त्या टेट्रालॉजी ऑफ फॅलोमध्ये ऑपरेशन साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान होतं. मोठ्या रक्तवाहिन्या उलट जोडलेल्या असतील तर मात्र हिशेब दिवसांचा असतो. त्या बाळाचं ऑपरेशन पहिल्या काही आठवड्यांतच व्हावं लागतं.

इथे होणारी चूक: ‘दहा किलोचं झालं की करू.’ मोठ्या व्हीएसडीमध्ये बाळाचं वजन छिद्रामुळेच वाढत नाही. श्वास घेण्यात आणि हृदय चालवण्यातच त्याची ताकद संपते, खाल्लेलं अंगाला लागत नाही. वजनाची वाट बघत वर्ष-दीड वर्ष गेलं, तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या जाड होतात आणि एका टप्प्यानंतर ऑपरेशनच करता येत नाही. ‘थांबा’ असं कुणी सांगितलं तर ‘किती दिवस आणि कशासाठी?’ असं नक्की विचारा. उत्तर पटलं नाही तर लहान मुलांच्याच हृदयरोगतज्ज्ञांकडून दुसरं मत घ्या.

खर्चाची वाट लगेच, याच आठवड्यात शोधायला लागा. मुलांची आरोग्य तपासणी करणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात, पण तोवर थांबायची गरज नाही. आशाताईंना सांगून ग्रामीण रुग्णालयामार्फत जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवता येतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणाऱ्या रुग्णालयात योजनेच्या कामात मदत करणारा ‘आरोग्यमित्र’ असतो, पहिल्यांदा त्याला भेटा. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात. मंजुरीला वेळ लागतो. रेशनकार्डावर बाळाचं नाव, जन्मदाखला, आधार ही कामं ऑपरेशनची तारीख मिळायच्या आधीच उरकून ठेवा.

## २. वही घाला

शंभर पानी साधी वही पुरते. रोज चार रकाने भरायचे: झोपेतला श्वास, दूध किती वेळा आणि किती, लघवी किती वेळा, औषध दिल्याची वेळ. आठवड्यातून एकदा वजन.

श्वास मोजायची पद्धत: बाळ गाढ झोपलेलं असताना झबलं वर करा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. घड्याळ समोर ठेवून पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. लहान बाळांचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच पळतो, त्यामुळे असा गुणलेला आकडा फसवतो. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असेल तर तो जलद धरतात. पण मोठं छिद्र असलेल्या बाळाचा रोजचाच आकडा याच्या आसपास असतो. माझ्या मुलीचा ५४ ते ५८ असायचा. एका पहाटे ७२ भरला. ताप नव्हता, खोकला नव्हता, दुधाला मात्र तोंड लावत नव्हती. संध्याकाळी ती न्यूमोनियासाठी भरती झाली. वहीत आधीचे आकडे नसते, तर ७२ वाचून मी ‘नेहमीसारखाच भरभर चाललाय’ म्हटलं असतं.

वजन: काटा तोच, वेळ तीच, अंगावर कपडे नाहीत, लंगोटही नाही. पहिल्या काही महिन्यांत निरोगी बाळ दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढतं. आठवड्यात वजन जागचं हललं नाही तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. उलट दोन-तीन दिवसांत एकदम वाढलं आणि पापण्या किंवा पाय सुजल्यासारखे वाटले, तर ते बाळसं नव्हे. अंगात पाणी साठतंय. त्याच दिवशी दाखवा.

तपासा: पुढच्या भेटीत वही डॉक्टरांच्या टेबलावर उघडून ठेवा. ‘बरं पितो’ या शब्दांवर औषध बदलता येत नाही, आकड्यांवर येतं.

## ३. दूध पाजणं: कमी, पण वारंवार

मोठ्या छिद्राची लक्षणं सहसा जन्मताच दिसत नाहीत. महिना-दीड महिन्याने दिसू लागतात, आणि ती पहिल्यांदा दिसतात दूध पिताना. बाळ चार घोट ओढतं, सोडतं, धापा टाकतं, पुन्हा ओढतं. कपाळ घामाने डबडबतं. दूध ओढणं हाच त्याचा दिवसातला सगळ्यात मोठा व्यायाम असतो.

१. दर दोन-अडीच तासांनी पाजा. भूक लागून आक्रोश करेपर्यंत थांबू नका. रडण्यातच ते दमतं आणि मग पीत नाही.
२. डोकं आणि पाठ उंच राहील असं धरून पाजा. आडवं ठेवून पाजू नका.
३. एका वेळी वीस ते तीस मिनिटं, बस. त्यापुढे ओढायला लावलं तर मिळणाऱ्या दुधापेक्षा जास्त ताकद खर्च होते.
४. राहिलेलं दूध काढून वाटी-चमच्याने किंवा पलाडीने (चोच असलेल्या छोट्या वाटीने) द्या. काढलेलं दूध झाकून ठेवा आणि चार तासांच्या आत संपवा. उन्हाळ्यात त्याहून लवकर.
५. मध्ये एकदा आणि शेवटी एकदा ढेकर काढा. नंतर वीस मिनिटं खांद्यावर उभं धरा.

आईची छाती दुधाने भरलेली असेल तर आधी थोडं पातळ दूध काढून बाजूला ठेवा आणि मग बाळाला लावा. शेवटचं दूध जास्त स्निग्ध असतं. दमणाऱ्या बाळाला तेच आधी मिळालेलं चांगलं.

सावधान: वरचं दूध डॉक्टरांनी सांगितलं असेल तर डब्यावरच्या मापानेच करा. पुरवून पुरवून पातळ केलेलं किंवा ‘ताकद यावी’ म्हणून घट्ट केलेलं, दोन्ही चूक. लघवीची औषधं (अंगातलं जास्तीचं पाणी काढणारी) चालू असलेल्या बाळाला घट्ट दूध मूत्रपिंडांवर भारी पडतं.

सहा महिन्यांनंतर घरोघरी वरणाचं पाणी आणि भाताची पेज सुरू होते. एवढंसं पोट पाण्याने भरतं आणि वजन तिथंच राहतं. मऊ खिमट करा, त्यात चमचाभर साजूक तूप. नाचणीच्या सत्त्वाची घट्ट लापशी, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा, चालत असेल तर अंड्याचा बलक. चमचा तिरका केला तरी पदार्थ ओघळू नये, इतका दाटपणा हवा. मीठ वर्षापर्यंत नकोच.

## ४. औषध मोजणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, त्यामुळे हा भाग शांतपणे वाचा. जो कुणी घरात औषध देतो, त्यालाही वाचायला द्या.

तयारी: सुई नसलेली १ मिलीची सिरिंज घ्या, प्रत्येक औषधाला वेगळी. डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणेवर रंगीत चिकटपट्टी लावा. इन्शुलिनची सिरिंज कधीही वापरू नका. तिच्यावरचे आकडे युनिटचे असतात, मिलीचे नसतात. झाकणातला ड्रॉपरही नको. ‘पाच थेंब’ आणि ‘०.५ मिली’ एकच समजणारी घरं मी पाहिली आहेत.

क्रम:

१. बाटलीवर ‘१ मिलीमध्ये किती मिलिग्रॅम’ ते वाचा आणि चिठ्ठीशी ताडून पाहा. नवी बाटली आली की दर वेळी.
२. बाटली हलवा, सिरिंज भरा, हवेचा बुडबुडा काढा.
३. बाळाला अर्धवट उभं धरून गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. घशात पिचकारी मारू नका.
४. लगेच वहीत वेळ लिहा. आईने दिलं की आजीने, हेही लिहा.

पहिली पायरी मी एकदा विसरले होते. दुकानात नेहमीची बाटली नव्हती, त्यांनी दुसऱ्या कंपनीची दिली. तेच नाव, तसाच रंग. सिरिंज भरून झाली होती. सासूबाई म्हणाल्या, “अगं, चष्मा लाव आणि एकदा वाच.” त्या बाटलीत १ मिलीमध्ये दुप्पट औषध होतं. तेव्हापासून आमच्या घरी बाटली दोघं जण वाचतात, एक जण मोठ्याने.

पातळ औषध न मिळाल्यास डॉक्टर गोळी पाण्यात विरघळवून द्यायला सांगतात. अशा वेळी पाणीही सिरिंजनेच मोजा. गोळी पूर्ण विरघळू द्या, ढवळून लगेच ओढून घ्या, कारण पूड तळाशी बसते. उरलेलं टाकून द्या, संध्याकाळसाठी ठेवू नका. आणि औषध दुधाच्या बाटलीत कालवू नका. बाळाने अर्धं दूध टाकलं तर अर्धा डोस गेला, आणि कळणारही नाही.

चुका:

- उलटी झाली म्हणून डोस परत देणं, किंवा राहिलेला डोस पुढच्या वेळी दुप्पट करणं. दोन्ही आपल्या मनाने करू नका, फोन करून विचारा. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्या बाबतीत तर अजिबात नाही. ते जास्त झालं की उलट्या होतात, बाळ पीत नाही, नाडी मंदावते. आणि घरच्यांना वाटतं, पोट बिघडलंय.
- जुलाब लागले असताना लघवीचं औषध तसंच चालू ठेवणं. बाळ झपाट्याने सुकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा की डोस थांबवायचा का.
- प्रोप्रानोलॉल (निळं पडणाऱ्या बाळांना देतात ते औषध) उपाशीपोटी देणं. साखर उतरू शकते. बाळ खात-पीत नसेल तर देण्याआधी विचारा.
- ‘आता बरं आहे’ म्हणून औषध बंद करणं. बरं आहे ते औषधामुळे.

दहा दिवसांचा साठा नेहमी घरात ठेवा. तालुक्याच्या गावी ही औषधं मागितल्या दिवशी मिळत नाहीत.

## ५. निळं पडणाऱ्या बाळासाठी

हा टप्पा सगळ्यांसाठी नाही. टेट्रालॉजी किंवा तशा दोषाचं बाळ असेल, तर घरातल्या प्रत्येकाला तो पाठ हवा.

रंग बघायचा तो जिभेवर आणि ओठांच्या आतल्या बाजूला, दिवसाच्या उजेडात. थंडीत हातपाय कुणाचेही निळसर दिसतात. मोठ्यांच्या बोटाचा ऑक्सिमीटर तान्ह्या बाळाच्या बोटाला नीट बसत नाही. त्याच्या आकड्यावर घाबरूही नका आणि निर्धास्तही होऊ नका.

निळं पडण्याचा झटका बहुतेकदा सकाळी उठल्यावर, रडताना, दूध पिताना किंवा शी करताना येतो. बाळ अस्वस्थ होतं, खोल आणि भरभर श्वास घेतं, गडद निळं पडतं, मग मलूल होतं. तेव्हा:

१. त्याचे गुडघे दुमडून छातीशी दाबून धरा. पाठीवर निजवून किंवा खांद्याशी घेऊन, कसंही.
२. आवाज कमी करा, गर्दी हटवा. आईनेच धरलेलं बरं.
३. तोंडात पाणी, दूध, साखर, काहीही घालू नका.
४. दुसऱ्या माणसाने १०८ ला फोन लावायचा.
५. झटका ओसरला तरी रुग्णालयात जायचंच. ऑपरेशनची तारीख अलीकडे घ्यावी लागेल का, तेही तिथेच विचारायचं.

सावधान: या मुलांना जुलाब, उलट्या आणि कडक ऊन फार लवकर बाधतं. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त दाट होतं आणि गुठळीचा धोका वाढतो. आणखी एक: निळ्या बाळाचं हिमोग्लोबिन ११ असेल तर ‘चांगलंय’ म्हणू नका. या मुलांच्या शरीराला नेहमीपेक्षा जास्त रक्त लागतं, त्यामुळे तो आकडा त्यांच्यासाठी कमी असू शकतो. लोहाचं औषध हवं का, विचारा.

## ६. घरातल्या रीती, लसी, दात

आंघोळीनंतरची शेपा-ओव्याची धुरी बंद. दृष्ट काढून मिरच्या चुलीत टाकायच्या असतील तर बाळ दुसऱ्या घरात न्या. उगाळून द्यायची गुटी बंद. त्यात काय किती गेलं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि धाप लागलेल्या बाळाला ती ठसकाही लावते. कान टोचणं डॉक्टरांना विचारूनच, नाहीतर ऑपरेशननंतर. घरातल्या मोठ्या माणसांशी यावर वाद घालत बसण्यापेक्षा त्यांनाच एकदा डॉक्टरांकडे सोबत न्या. आमच्याकडे त्यानेच काम झालं.

हृदयाचं दुखणं आहे म्हणून लसी लांबवू नका. उलट याच बाळाला त्या वेळेवर हव्यात, न्यूमोनियाची तर नक्कीच. सहा महिन्यांनंतर फ्लूची लस दरवर्षी. मात्र ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर कोणती लस कधी, हे बाळाच्या नेहमीच्या आणि हृदयाच्या, दोन्ही डॉक्टरांना विचारून घ्या.

पहिला दात दिसला की दात घासायला सुरुवात. तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरे. औषधाची सिरपं गोड असतात, दिल्यावर ओल्या फडक्याने हिरड्या पुसा. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत पोहोचू शकतात. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला हृदयाचा कागद आधी दाखवा, काही मुलांना त्याआधी अँटीबायोटिकचा एक डोस लागतो.

सावधान: कारण न कळणारा ताप चार-पाच दिवस राहिला तर अँटीबायोटिक परस्पर सुरू करू नका. आधी रक्ताचं कल्चर. औषध आधी पडलं तर जंतू सापडत नाही आणि हृदयाचा संसर्ग लपून राहतो. सर्दी-खोकल्याची दुकानातली औषधंही नकोत.

## ७. ऑपरेशनच्या आधीचे पंधरा दिवस

बाळाला सर्दी, ताप, जुलाब, अंगावर पुटकुळ्या, काहीही असेल तर रुग्णालयाला सांगा. तारीख जाईल या भीतीने लपवू नका. सर्दी-खोकल्यात हृदयाचं ऑपरेशन केलं तर नंतर व्हेंटिलेटरवरचे दिवस वाढू शकतात.

फाइल अशी लावा: सगळ्यात वर सध्याच्या औषधांचा कागद, मग इकोचे रिपोर्ट तारखेने, जुनी डिस्चार्ज कार्डं, लसीचं कार्ड, मागे योजनेची कागदपत्रं. प्रत्येकाचा मोबाइलमध्ये फोटो. रक्तदाते किती आणि कोणत्या गटाचे लागतील, आठवडाभर आधी विचारा.

उपाशी ठेवायच्या वेळा रुग्णालय देईल. सर्वसाधारणपणे आईचं दूध चार तास आधी आणि वरचं दूध सहा तास आधी बंद असतं. ‘रडतोय म्हणून दोन चमचे दिले’ असं झालं असेल तर खरं सांगा. भूल देताना ते दूध फुप्फुसात जाऊ शकतं.

## ८. घरी आल्यावर

छातीचं हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात कुल्ल्यांखाली, दुसरा मान आणि पाठीखाली. भेटायला येणारा प्रत्येक जण काखेतूनच उचलतो, म्हणून आम्ही पाळण्याला पाटी लावली होती. पालथं घालणं डॉक्टर सांगतील तेव्हाच.

रोज सकाळी उजेडात जखम बघा. लाली, पू, सूज किंवा हाडातून ‘कट’ असा आवाज, यातलं काही दिसलं वा जाणवलं तर त्याच दिवशी रुग्णालय. आणि हे फारसं कुणी सांगत नाही: पहिल्या सहा आठवड्यांत ताप, चिडचिड, दूध नकोसं होणं, श्वास वाढणं दिसलं तर ते साधं व्हायरल समजू नका. हृदयाभोवती पाणी साठत असू शकतं, आणि ते इको केल्यावरच कळतं.

ऑपरेशनमध्ये रक्त दिलं असेल तर ती तारीख लसीच्या कार्डावर लिहा. गोवर-रुबेलाची लस त्यानंतर काही महिने लांबवतात. ॲस्पिरिन चालू असेल तर तापाला आयब्युप्रोफेन नको, आणि घरात कांजिण्या किंवा फ्लू आला तर डॉक्टरांना लगेच कळवा.

मान धरणं, बसणं, बोलणं यात ही मुलं थोडी मागे पडू शकतात. महिने मोजत वाट बघू नका. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात (वाढीत मागे पडणाऱ्या मुलांसाठीच्या केंद्रात) तपासणी आणि थेरपी होते. छिद्र बंद झालं तरी तपासण्यांच्या तारखा पाळा. आमच्या वहीत शेवटच्या पानावर पुढच्या पाच वर्षांचे इकोचे महिने लिहिलेले आहेत.

अंगणवाडीत घालताना ताईंना एक चिठ्ठी द्या: दोषाचं नाव, ऑपरेशनची तारीख, चालू औषधं, दोन फोन नंबर, आणि डॉक्टरांच्या अक्षरात ‘याला खेळू द्या’ किंवा ‘हे हे टाळा’. तेवढं लिहिलेलं नसेल तर ताई घाबरून मुलाला कोपऱ्यात बसवून ठेवतात.